फिरतं चीज आणि आम्ही पाच घाबरट

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. चार-पाच घाबरट माणसं एका रांगेत बसवा आणि त्यांच्या नाकासमोरून काहीतरी सरकत ठेवा. बाकी सगळं आपोआप होतं!

आमचं लीड्समध्ये पाच जणांचं टोळकं आहे. मी भूल देणारी डॉक्टर, माझा नवरा निखिल सॉफ्टवेअरवाला. संजय हाडांचा सर्जन, त्याची बायको अनघा लहान मुलांची डॉक्टर. आणि तन्वी, आमच्याच हॉस्पिटलातली फिजिओ. ती जन्मली-वाढली लंडनजवळच्या पिनरला, त्यामुळे तिच्या मराठीत लिंग-वचन आपापल्या मर्जीने येतात. पाचही जण पक्के काळजीवाले. फ्लाइट संध्याकाळची असेल तर सकाळी एअरपोर्टला जाऊन बसणारे.

अशा लोकांना स्टेशनमागचं ते रेस्टॉरंट सापडलं. सुशीच्या दुकानात असतो तसा फिरता पट्टा, पण त्यावर ब्रिटिश चीज. छोट्या छोट्या गावांतून हाताने बनवून आलेलं. छोटी प्लेट, वर काचेचं झाकण, बाजूला चमचाभर चटणी नाहीतर ओटचं बिस्किट, आणि नावाची चिठ्ठी. आवडेल ते उचलायचं. सोपं आहे ना? आम्हाला नाही!

* * *

पहिल्याच दिवशी संजय अडकला. हा माणूस ऑपरेशन थिएटरमध्ये हाड कापताना दोन सेकंद विचार करत नाही. इथे वीस मिनिटं झाली तरी त्याच्यासमोर एकही प्लेट नाही!

"लँकशर घेऊ का? पण मागून काहीतरी जास्त चांगलं येत असेल तर?"

"मग तेही घे," निखिल म्हणाला.

"पोट भरलं तर? नको, पुढच्या फेरीला बघतो."

पुढच्या फेरीला ती प्लेट कुणीतरी उचललेली. संजयच्या कपाळावर खरोखरचा घाम. आम्ही समजावून थकलो. अनघा मात्र शांतपणे खात होती. शेवटी ती म्हणाली, "मला बघायला आला होता तेव्हाही 'पुढच्या रविवारी कळवतो' म्हणाला होता. मी घरीच होते म्हणून सापडले!"

* * *

निखिलच्या आई सांगलीहून आल्या होत्या. शुद्ध शाकाहारी. काही चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरलेलं असतं, हे मला माहीत. म्हणून चिठ्ठीवर शाकाहारीचं हिरवं पान असलेल्याच प्लेटा आईंसमोर ठेवायच्या, असा मी दम भरला होता सगळ्यांना.

आईंनी दोन प्लेटा संपवल्या. तिसरी संपवली आणि माझं लक्ष चिठ्ठीकडे गेलं. पान नव्हतं!

मी निखिलला चिठ्ठी दाखवली. तो कानात कुजबुजला, "सांगू नकोस. जन्मात सांगू नकोस."

"अरे, पण त्यांचा विश्वास आहे आपल्यावर!"

मग मलाच राहवेना. "अहो आई," मी म्हटलं, "चूक झाली माझी. ते शेवटचं... ते आपलं नव्हतं हो. तुम्ही खाल्लंत, आणि मी..."

आईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"खाल्लंय कुणी? पहिल्यापासून एकही तुकडा तोंडात घातला नाही मी. तो वास! तुम्ही एवढ्या हौसेने आणलंत, म्हणून टिशूत गुंडाळून पर्समध्ये टाकत होते."

मी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात आई म्हणाल्या, "पण पर्समध्ये पासपोर्ट आहे गं. त्याला आता काय करायचं, ते बघ!"

* * *

एकदा पट्टा बंद पडला. मधेच, कसलाही आवाज न करता.

एक चेडरची प्लेट संजय आणि त्याच्या शेजारचे एक वयस्कर इंग्रज गृहस्थ, यांच्या बरोब्बर मधोमध थांबली. दोघांनाही ती हवी होती, हे अख्ख्या काउंटरला दिसत होतं.

"आफ्टर यू," गृहस्थ म्हणाले.

"नो नो, प्लीज, आफ्टर यू," संजय म्हणाला.

असं चार वेळा झालं. मग दोघांचेही हात मांडीवर, नजर प्लेटवर. आपण हावरट दिसू, ही एकच भीती! दहा मिनिटांनी पट्टा सुरू झाला, प्लेट हलली, आणि पलीकडच्या एका आजीबाईंनी ती पटकन उचलली.

"थँक गॉड," ते गृहस्थ संजयला म्हणाले. "मला आता श्वास घेता येतोय."

* * *

माझाही एक किस्सा आहे. कन्सल्टंटच्या, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरच्या जागेसाठी इंटरव्ह्यू देऊन आले होते. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा नाकारलं होतं, तेव्हा मी आठवडाभर बाथरूमचा नळ सोडून रडत होते. या वेळी 'शुक्रवारी फोन करू' म्हणाले. शुक्रवारी घरी बसवेना, म्हणून निखिलने मला इथे आणलं.

फोन मी दर मिनिटाला बघत होते. "ठेव तो बाजूला, खा जरा," निखिल म्हणाला. मी ठेवला. बाजूला म्हणजे नेमका पट्ट्यावर!

लक्षात आलं तेव्हा फोन वळणापलीकडे गेला होता. आणि तिथे तो वाजायला लागला.

मी स्टूलवरून उडी मारली. पाय अडकला. "निखिल! फोन!" मी मराठीत ओरडले. फोन वाजत वाजत अनोळखी लोकांसमोरून चाललाय आणि लोक सभ्यपणे त्याच्याकडे बघतायत! शेवटी लाल स्वेटर घातलेल्या एका बाईंनी तो उचलला, कानाला लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "होल्ड ऑन, लव्ह. ती येतेय. जरा पडलीय."

फोन हातोहात माझ्यापर्यंत आला. मी ऐकत होते आणि अख्खं काउंटर माझ्याकडे बघत होतं. मी नुसती होकारार्थी मान हलवली. टाळ्या!

नंतर त्या बाईंचे आभार मानायला गेले. म्हटलं, तुम्ही उचललात म्हणून बरं.

त्या म्हणाल्या, "मी कशाला दुसऱ्याचा फोन उचलतेय! पण स्क्रीनवर मोठ्ठं लिहिलं होतं, PICK UP."

इंटरव्ह्यूवाल्यांचा नंबर मीच त्या नावाने सेव्ह केला होता!

* * *

आणि हा गेल्या मार्चमधला.

तन्वीने त्याच्या आदल्या वर्षी पाचव्या आठवड्यातच आम्हाला गोड बातमी दिली होती. आम्ही काय काय केलं! पेढे मागवले, नावं सुचवली, अनघाने लॉफ्टमधून तिच्या मुलाची कॉट काढून पुसून ठेवली. नवव्या आठवड्यात सगळं संपलं. कॉट परत वर कधी गेली, कुणालाच कळलं नाही. त्यानंतर तो विषय आम्ही कुणीही काढला नव्हता.

त्या रविवारीही तिचा नवरा नेहमीसारखा ड्युटीवर होता, ती एकटीच आली. पट्ट्याच्या शेवटाला बसली. वाइन नको म्हणाली. मग वेट्रेसला हळूच विचारलं, "हे पाश्चराइज्ड आहे ना?"

मी ऐकलं. अनघाकडे पाहिलं, तिनेही ऐकलं होतं.

एक मऊ, पांढरं चीज तन्वीकडे निघालं. अनघाने हात लांब करून ते मधेच उचललं. मागून निळ्या बुरशीचं आलं. ते संजयने उचललं, अजिबात विचार न करता! पुढचं निळं आलं तसं मी निखिलला पायाने ढोसलं.

"उचल ते!"

"मला निळं बघवतसुद्धा नाही, माहितीय ना तुला?"

"उचल म्हणते ना!"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तन्वीच्या पाण्याच्या ग्लासकडे. उचललं.

गरोदरपणात मऊ आणि निळं चीज वर्ज्य, त्यामुळे ती ते खाणार नव्हतीच. तिला आमच्याइतकंच कळतं. पण आमचे हात थांबत नव्हते. अर्ध्या तासात आमच्यासमोर प्लेटांचा ढीग झाला आणि तन्वीसमोर फक्त चेडर. निखिलने सात निळ्या प्लेटा संपवल्या होत्या आणि त्याचा रंगही तसाच झाला होता.

तन्वीने काटा खाली ठेवला.

"तुम्ही सगळे वेडा आहात का? मला दिसतो ना सगळं!"

आम्ही खाली बघितलं.

"सोळा आठवडा झाला," ती म्हणाली. "परवा स्कॅन होता. सगळा नीट आहे."

पेढे, नावं, कॉट. सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. अभिनंदन म्हणायला कुणाची जीभ उचलेना. अनघाने पर्सचा बंद घट्ट धरला होता. संजय पट्ट्याकडे बघत होता.

"कोणीतरी काहीतरी बोला ना!" तन्वी म्हणाली.

तेवढ्यात वळणावरून आणखी एक निळी प्लेट आली. निखिलने तन्वीकडे बघत झाकण काढलं, अख्खा तुकडा तोंडात घातला आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना चावून चावून गिळला.