गठ्ठ्यावर बसलेली बाई

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. आमच्या गावातल्या सात रस्ता चौकातला ट्रान्सपोर्टवाला आम्हा चादरवाल्यांना भाडं एक सांगायचा आणि मुंबईत माल सोडवताना भलतेच खर्च निघायचे. एकदा रांगेत माझ्यापुढं मंद्रूपची एक घोंगडीवाली होती. भाडं ऐकताच ती आपल्या गठ्ठ्यावर मांडी घालून बसली.

"आनि?"

"हमाली," तो म्हणाला.

"आनि?"

"गोदामभाडं..."

तो चिडत गेला, तसे खर्च बाहेर येत गेले.

"आता समद्याचा मिळून एकच आकडा पावतीवर लिव्ह," ती म्हणाली. "पोरीच्या लग्नातबी देनंघेनं आदी बोलून घेतलं, मगच अक्षता टाकल्या की."

त्यानं निमूट लिहून दिलं. ती पदर झटकून उठली आणि ऐटीत गेली.

"चला, पुढचा!"

मी माझ्या गठ्ठ्यावर बसलो. मागं पाहिलं, तर अख्खी रांग बसलेली.