पिठल्याची तक्रार

मैत्रिणींनो, आज दुपारी गंगापूर रोडवरच्या एका छोट्या खानावळीत जेवले. पिठलं अळणी होतं. कॉन्व्हेंट शाळेत शिकलेल्या शिस्तीत, हळू आवाजात तक्रार केली. "माझी आई लसूण ठेचून घालायची," हेही सांगून टाकलं.

मालकीणबाई हसल्या. "मग ताई, आत या ना. पुढची कढई तुमच्या हातची होऊ दे."

गेले की! लसणाची फोडणी बसली, आई आठवली, डोळे भरून आले. त्या नादात मीठ दोनदा पडलं असावं.

मी बाहेर येऊन बसले, तर थोड्याच वेळात शेजारच्या टेबलावरचे काका ओरडले, "पिठलं खारट का आज?"

मालकीणबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या ताईंनी केलंय."

माफी मागायची सोडून मी ठसक्यात म्हणाले, "आमच्याकडे असंच करतात!"

आता हॉटेलवाल्यांना कुठल्या तोंडानं नावं ठेवू, सांगा?