धुतलेल्या गाडीचा आवाज

बापूराव माझ्या गॅरेजच्या दारात उभे राहून तोंडानं आवाज काढत होते.

"कटाक्," ते म्हणाले. मग मान तिरकी करून विचार केला. "न्हाय, कटाक् न्हाय. टण्ण. रिकाम्या पिंपावर कुणी टिचकी मारावी तसं."

"त्याच्या आधी कुरकुरते," वंदनाताई शेजारच्या सीटवरून उतरत म्हणाल्या. "आधी कुर्र, मग टण्ण. गाडी हळू असताना स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की. रस्त्यावर पळताना काही नाही."

मी मनातून खूश. बारामतीत भिगवण रस्त्याला माझं गॅरेज आहे, आणि या धंद्यातला माझा सगळ्यात आवडता कार्यक्रम हाच. भली भली माणसं इथं येऊन घुबडासारखी घुमतात, पिठाच्या गिरणीसारखी घरघरतात. एका वकीलसाहेबांनी ब्रेकचा आवाज इतका हुबेहूब काढला होता की बाहेरचं कुत्रं उठून गेलं. मी चेहरा गंभीर ठेवतो आणि "पुन्हा एकदा काढा" म्हणतो. गरज नसली तरी म्हणतो.

वंदनाताईंचं वर्णन मात्र कामाचं होतं. गाडी पळताना गप आणि हळू वळताना बोलते, म्हणजे चाकाचं बेअरिंग नाही, इंजिन नाही. पुढच्या चाकाला वळवणारं आणि झेलणारं जे सामान असतं, त्यातलंच काहीतरी. अर्धा तपास त्यांनीच करून आणला होता.

"कुणी चालवल्यावर येतो आवाज?" मी विचारलं.

 मग बापूराव म्हणाले, "तीच तर गंमत हाय मिस्त्री. मी चालवतो तवा गाडी गप. हिच्या हातात गेली की बोंबलती. उभ्या गाडीत स्टिअरिंग पिळती ही. म्हशीची मान पिळल्यावानी."

"म्हशीची मान तुम्हीच कधी पिळली असेल, मी नाही," ताई म्हणाल्या.

दोघं डाळजचे. डाळिंबाची बाग. ताई शेतीच्या पदवीधर. लग्नानंतर इतकी वर्षं घरच्याच बागेचं बघत होत्या. आता इंदापूरकडच्या एका पॅकहाऊसनं त्यांना बोलावलं होतं. परदेशी जाणारी डाळिंबं जिथं निवडून खोक्यात भरतात, ते पॅकहाऊस. काम असं, की तालुकाभर बागा हिंडायच्या, फळ बघायचं, शेतकऱ्याला सल्ला द्यायचा. अट एकच, स्वतःची गाडी पाहिजे. महिना संपायच्या आत होय-नाही कळवायचं होतं. ताईंनी त्यासाठीच गाडी शिकून लायसन काढलं होतं. आणि नेमकी त्या चालवायला लागल्यावर गाडी कुरकुरायला लागली.

"मी काय न्हाय म्हणत न्हाय," बापूराव म्हणाले. "आवाज गेला की चावी हिची. पण कारण कळल्याशिवाय तालुकाभर सोडू का? ऊसतोडीच्या दिवसात त्या रस्त्यानं?"

बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. म्हणून मी गाडी घेतली. गाडी कसली, नवरीच. काचा चमकत होत्या, टायर काळेभोर, मडगार्डच्या आत बोट फिरवलं तर धूळ नाही. मी समोरच्या मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण डावीकडे तोडून गोल गोल फिरलो, मग उजवीकडे. मग काच खाली करून, मान बाहेर काढून फिरलो. समोरचा चहावाला धंदा सोडून बघत राहिला. गाडी एक शब्द बोलली नाही.

जॅकवर घेतली. चाक हलवून पाहिलं, टॉमी, म्हणजे लोखंडी सळई, घालून लोअर आर्म उचकून पाहिला. लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीशी धरून ठेवणारा खालचा हात. त्याचे रबरी बुश चांगले, बॉल जॉइंट चांगला, लिंक रॉड चांगला. कशातच ढिलाई नाही.

"बगा," बापूराव ताईंकडे वळून म्हणाले, "मी आणली, तर गप."

ताईंनी मला विचारलं, "म्हणजे माझ्यामुळंच येतो का आवाज? तसं नसेल तर एवढं ह्यांना सांगा."

"ऐकल्याशिवाय काय सांगू ताई?" मी म्हणालो. आमच्या धंद्यात न ऐकलेल्या आवाजावर पार्ट बदलणारे पुष्कळ आहेत. मला ते जमत नाही.

पुढच्या शनिवारी पुन्हा आले. पुन्हा गाडी आरशासारखी, पुन्हा गप. मधल्या दिवसांत ताईंनी मोबाइलवर आवाज पाठवला होता. कुर्र, टण्ण, एकदम स्पष्ट. बापूरावांनी तो ऐकला आणि म्हणाले, "ह्यात तरी गाडी कोण चालवतंय? हीच की." यावर कोर्टातसुद्धा उत्तर नव्हतं.

मी म्हणालो, "आता असं करा. आठवड्याच्या मध्येच आणा. असेल तशी."

"असंल तशी म्हंजे?"

"न धुता."

बापूरावांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांना बनियनवर लग्नाला यायला सांगत होतो. "मिस्त्री, मळकी गाडी घेऊन कुणाच्या दारात जायची आमची रीत न्हाय. लोक काय म्हणतील, बागाईतदार हाय का कोण हाय."

खरं सांगायचं तर धुण्याचा आवाजाशी काही संबंध असेल, असं तेव्हा माझ्याही डोक्यात नव्हतं. मला फक्त आठवड्याच्या मधली गाडी बघायची होती, कारण आवाज त्याच दिवसांत यायचा. पण ते काही आले नाहीत. महिना संपला.

त्यानंतर आले ते ऊसतोड जोरात असताना. गाडीवर धुळीचा थर, चाकांना चिखल. चालवत ताई होत्या. बापूराव शेजारी बसलेले, चेहरा पाडून.

"माफ करा मिस्त्री," उतरल्या उतरल्या ते म्हणाले, "पंपाचा पाइप फुटला. धुवायची राहिली."

ताईंनी गाडी जागेवर घ्यायला स्टिअरिंग फिरवलं. कुर्र. टण्ण.

मला नाचावंसं वाटलं. "ताई, उतरू नका. आहे तिथं बसा. बॉनेट उघडा आणि मी सांगेन तसं स्टिअरिंग फिरवा."

आता ही गोष्ट समजून घ्या. पुढच्या चाकावर एक जाड स्प्रिंग असते आणि तिच्या पोटातून शॉकअप जातो. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि शॉकअप तिला आवरतो. चाक वळलं की ही सगळी जोडी चाकाबरोबर फिरते. ती सहज फिरावी म्हणून तिच्या डोक्यावर बशीएवढं एक बेअरिंग असतं. ते जाम झालं तर स्प्रिंग फिरत नाही, पिळत जाते, ओल्या धोतरासारखी. आणि पीळ सहन होईना झाला की एकदम सुटते. तीच टण्ण.

मी मडगार्डच्या आत हात घालून स्प्रिंगला नुसती बोटं टेकवली. ताईंनी सावकाश स्टिअरिंग फिरवलं. स्प्रिंग थरथरली, अडली आणि बोटांखाली उसळली. पलीकडच्या चाकाचंही तेच.

दोन्ही शॉकअप उतरवले. बेअरिंग हातात घेतलं तर आत ग्रीसचा थेंब नाही. गंज होता, तो अपेक्षितच. पण गंजावर निळसर हिरवी पुटं होती. माझ्या इतक्या वर्षांत असं निळं बेअरिंग मी पाहिलं नव्हतं.

"बापूराव, कुठल्या पंपाचा पाइप फुटला म्हणालात?"

"फवारणीचा. एचटीपी. त्यानंच धुतो की गाडी. लई प्रेशर हाय त्याला. मडगार्डच्या आत नोझल घालून मारलं की कोपऱ्यातली माती निघती. दर शुक्रवारी."

"आणि त्यात फवारता काय?"

उत्तर ताईंनी दिलं. त्या गाडीतून उतरून माझ्या मागं येऊन उभ्या होत्या. "बोर्डो," त्या म्हणाल्या. "मोरचूद आणि चुना. टाकी नीट धुतलेली नसते. मी सांगून थकले." त्यांनी बेअरिंग माझ्या हातातून घेतलं, उजेडात धरलं. "तोच रंग आहे."

मग सगळं जागेवर बसलं. शुक्रवारी पाण्याचा मारा. ग्रीस वाहून गेलेलं, पण पाण्यानं बेअरिंग तेवढ्यापुरतं बुळबुळीत व्हायचं. शनिवारी बापूराव बारामतीला यायचे, गाडी गप. सोमवारपर्यंत पाणी वाळायचं, मोरचुदानं गंज आणखी चढायचा, आणि तेव्हा गाडी ताईंच्या हातात असायची.

बापूरावांनी वाकून ताईंच्या हातातलं बेअरिंग पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे मीच."

"गाडी स्वच्छ ठेवायला गेलात," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

"मग आता कळव की त्यांना," ते ताईंकडं वळून म्हणाले. "व्हय म्हणून कळव. चावी तुझी."

ताई बेअरिंग फडक्यानं पुसत होत्या. "मी नाही म्हणून कळवलंय. महिना संपला त्याच दिवशी."

"मला बोलली न्हाईस."

"तुम्ही विचारलं नाही."

"मी येतो पॅकहाऊसवर. त्यांच्या सायबाला सांगतो, चूक माझी हाय."

"कशाला? बाई घेतलीय त्यांनी दुसरी. चांगली आहे म्हणतात." त्यांनी बेअरिंग बाकावर ठेवलं. "शॉकअप बसवताना तेवढं ग्रीस नीट भरा मिस्त्री. बागेत धूळ फार असते."

  मी नवीन बेअरिंगं मागवली, बसवली, ताईंनाच गाडी चालवून बघायला दिली. त्या समोरच्या जागेत फिरल्या, डावीकडे, उजवीकडे. आवाज नाही. बापूराव माझ्या शेजारी उभे राहून त्या फेऱ्या बघत होते. जाताना त्यांनी आपणहून ड्रायव्हरच्या शेजारचं दार उघडलं.

आता ताई गाडी चालवतात. लग्नाकार्याला, दवाखान्यात, किराणा आणायला. बापूराव येणाऱ्या जाणाऱ्याला कौतुकानं सांगतात, आमची ही लई झकास चालवती. मध्ये एका बागेच्या बांधाला ताईंनी गाडी थांबवली होती म्हणे. आत ती दुसरी बाई फळं तपासत होती. ताई थोडा वेळ बघत बसल्या आणि निघून आल्या. हे मला बापूरावांनीच सांगितलं, आणि सांगताना कुठलाच आवाज काढून दाखवला नाही.

मी गॅरेजच्या दारावर पाटी लावली आहे: तपासायची गाडी धुऊन आणू नये. लोकांना ती माझी नेहमीची थट्टा वाटते. विचारलं तर मी बेअरिंग, ग्रीस आणि पाणी एवढंच सांगतो. गाडीच्या तपासाला तेवढं पुरतं.