ओली सीट
ओल्या फोमचा कुबट वास आला की मला अड्याळच्या घरासमोर उभी असायची ती आमची जुनी गाडी आठवते. अर्धांगवायू झाल्यावर बाबांना व्यायामासाठी मी तिच्यातून भंडाऱ्याला नेत असे. त्या पावसाळ्यात उतरताना दर वेळी त्यांचा पायजमा मागून ओला दिसायचा. त्यांना लघवी आवरत नसेल असं समजून मी काही न विचारता त्यांच्या सीटवर प्लास्टिक अंथरलं. ते पाहून बाबांनी गाडीत बसणंच सोडलं. आठवडाभराने प्लास्टिक काढून सीट पुसायला मी तिच्यावर गुडघा टेकला, आणि वरून कोरड्या दिसणाऱ्या सीटमधून गार पाणी वर आलं. मग आईने टपावर बादली ओतली आणि मी आत बॅटरीचा उजेड धरून बसलो. दाराच्या वरच्या कोपऱ्यातलं रबर फाटलं होतं; तिथून पाणी थेंबाथेंबाने सीटच्या शिवणीत उतरत होतं. "अजून ओतू काय?" आईने विचारलं. मी नको म्हणालो. भंडाऱ्याहून नवं रबर आणून बसवलं, पुन्हा पाणी ओतून पाहिलं, आत थेंब आला नाही. मग बाबांच्या खाटेजवळ बसून म्हणालो, "बाबा, गाडीच गळून राहिली होती. तुमच्याकडून काही झालं नाही." ते अडखळत म्हणाले, "मले तं वाटे, माह्याच्यानंच होऊन राहिलं." मी त्यांचा लुळा हात धरून बसलो. बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांना तसं वाटलं ते मी अंथरलेल्या प्लास्टिकमुळे, एवढं मात्र मी त्यांच्याजवळ कधी कबूल केलं नाही.