बंदुकीवर घातलेली नावं

आमच्या घरच्या दुनळी बंदुकीने आजवर एकाचीच शिकार केली. माझी!

बंदूक आजोबांची. कोलशेतच्या मिठागरावर ते राखणदार होते. विलायतेला परत जाताना गोऱ्या साहेबाने ती त्यांना दिली. पुढे लायसन बाबांच्या नावावर आलं. दसऱ्याला झेंडूचा हार घालून घ्यायचा आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा व्हायचं, एवढाच तिचा पराक्रम. मला मात्र ती विकून नवी गाडी घ्यायची होती.

"तुला पायजे त इक," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. (सकाळचे अकरा वाजले होते!) मी न समजल्याचं सोंग केलं.

ठाणे शहरातल्या एका जुन्या बंदूकविक्रेत्यांना मी फोटो पाठवले. त्यांचा फोन आला. "नुसती जुनी असून भागत नाही. कोणाकोणाच्या हातातून आली, त्यावर भाव ठरतो. आधीच्या मालकांची नावं कुठे आहेत का?"

नावं? एवढंच ना! आमच्याकडे चमच्यावरसुद्धा नाव असतं. मी भांड्यांवर नावं घालणाऱ्या दत्तूला मशीनसकट घरी बोलावलं.

"नळीवर कायतरी खरवडलंय, शेट. साफ करू?"

"कर ना! तेवढीच जागा होईल."

दत्तूने घासून जागा केली आणि टर्रर्र करत सगळा इतिहास कोरला. आधी 'गोरा साहेब' (नाव कुणाला ठाऊक!), मग आजोबा, कै. गोमा, मग श्री. हरिश्चंद्र, म्हणजे बाबा, आणि शेवटी हौसेने मी, भास्कर! वर सवयीने त्याने 'यांजकडून सप्रेम भेट' हेही ठोकून दिलं.

रविवारी विक्रेते आले. त्यांनी भिंग लावलं आणि मटकन खुर्चीत बसले. "अहो, फोटो मोठा करून पाहिला तेव्हा इथे दोन इंग्रजी अक्षरं दिसली होती. साहेबाच्या नावाची! खरी किंमत त्यांचीच होती!"

बाबा उठून आले आणि अक्षरांवरून बोट फिरवत राहिले.

"यो गोमा लिवलंय नं रं? जल्मभर लोकांचं मीठ राखलं त्यानं. बापाचं नाव असं कोरलेलं पयल्यांदाच बगतोय."

त्यांचे डोळे भरले. माझेही. गाडीचं भूत तिथल्या तिथे उतरलं. दत्तूचे आणि माझ्या अडाणीपणाचे मी मनापासून आभार मानले. जरा अक्कल असती, तर त्या दिवशी बंदूक घराबाहेर गेली असती.

विक्रेत्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. सहज विचारलं, "किंमत बरीच घसरली का हो?"

"अर्धी साहेबाची अक्षरं गेल्याने घसरली."

"आणि उरलेली?"

"तो शेवटचा भास्कर कोण? लायसनवर त्याचं नाव कधीच नव्हतं. असला मालक यादीत दिसला की गिऱ्हाईक पळतं!"

"आहे एक," मी म्हणालो, "आमचा दूरचा नातेवाईक."