गोणी काही मरत नाही

जोरात मारणाऱ्यांचा मला कधी राग आला नाही. मोबाइलवर प्राणी झुंजवायचा एक खेळ मी गेली काही वर्षं खेळतोय, आणि एका फटक्यात माझा प्राणी आडवा करणारे त्यात ढिगानं भेटले. हरलो, फोन खिशात टाकला, डबा धुतला आणि कामाला लागलो. अंधेरीच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तेवढाच विरंगुळा. डोकं उठवतात ते लोक वेगळेच असतात.

एक जात झोपवणाऱ्यांची. पहिल्याच चालीत तुमच्या प्राण्याला झोपवतात, मग तुम्ही बटणं दाबत बसा, तो आपला घोरतोय. दुसरी जात हुलकावणी देणाऱ्यांची. अंगाभोवती धुकं का काय ते करून घेतात आणि तुमचा वार जातो वाऱ्यावर. 'हुकला' हा शब्द लागोपाठ पाच वेळा वाचला की पंचेचाळिशीच्या माणसाला स्वतःबद्दलच शंका यायला लागते. तिसरे ते, जे हरायला लागले की बटणच दाबत नाहीत. कुठला कोण अनोळखी माणूस, घड्याळ शून्यावर येईपर्यंत नुसता ढिम्म बसून राहतो. समोरचा कंटाळून निघून जाईल, एवढीच त्याची आशा. आणि मी जातोही निघून. मला धीर नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

पण हे सगळे परवडले अशी एक आहे. ती मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, बाहत्तर वर्षांची आहे, आणि माझी आई आहे.

खेळ तिच्या फोनवर टाकला माझ्या मुलीनं. मुलगी शिकायला नाशिकला जायच्या आधी महिनाभर आजीकडे राहिली होती. दोघी सोफ्यावर शेजारी शेजारी बसून दिवसभर झुंजी लावायच्या. मला वाटलं, मुलगी हॉस्टेलवर गेली की आई विसरेल. कसली विसरते? मी दर रविवारी घाटकोपरहून तिच्याकडे जातो. पूर्वी दारात पाय ठेवला की "चहा टाकू का?" असायचं, आता "फोन काढ" असतं.

तिचा लाडका प्राणी म्हणजे बिनमानेचा एक करडा गोळा. त्याचं खेळातलं नाव तिच्या जिभेवर बसत नाही म्हणून ती त्याला गोणी म्हणते. गोणी मारत नाही. गोणी पहिल्या चालीत समोरच्याला विष देते, दुसऱ्या चालीत लपते, तिसऱ्या चालीत आपली गेलेली ताकद भरून घेते. मग पुन्हा लपते. तिकडे माझा पंखवाला, ज्याला वाढवण्यात माझी दोन वर्षं गेली, तो विषानं झिजत झिजत खाली बसतो. तो बसला की दुसरा, दुसरा बसला की तिसरा. गोणी होती तिथंच.

त्यात आईनं तीस वर्षं एका सरकारी कचेरीत खिडकीवर काम केलेलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण लोकांना ऐकून माहीत असते, हिनं ती हातानं राबवलेली. गोणी लपली की ती म्हणते, "साहेब जेवायला गेलेत." गोणीनं ताकद भरून घेतली की म्हणते, "फाइल सापडत नाही, नवा अर्ज करा." चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. पहिल्या रविवारी मी पोट धरून हसलो होतो. पुढं पुढं हसू यायचं बंद झालं.

वीस मिनिटं मी टिकतो, फार तर पंचवीस. मग "चल, जिंकलीस तू, निघतो मी" म्हणून डाव सोडतो आणि चपला शोधायला लागतो. सोडलेला डाव हरलेलाच धरतात.

हे सगळं गमतीचं राहिलं असतं. पण तिच्या गुडघ्यांची पार वाट लागली होती. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. रिटायर झाल्यापासून ती रोज सकाळी समोरच्या बागेत जायची, तिच्या चार मैत्रिणी तिथल्या बाकावर बसतात. गेल्या दिवाळीनंतर ती जिना उतरली ती एकदाच, डॉक्टरकडे जायला, तीही एकेक पायरीवर बसत. तेव्हापासून घर एके घर. भाजीवाला खालून हाक मारतो, ही खिडकीतून दोरीला पिशवी बांधून सोडते आणि कोथिंबीर जुडीभर कमी दिली म्हणून वरूनच त्याच्याशी भांडते. मैत्रिणी बाकावरून हात करतात, ही वरून हात करते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की दोन्ही गुडघे बदलायला हवेत. अजून वर्ष काढलंत तर पाय वाकत जातील आणि मग बदलूनही चालणं कठीण होईल. वर्षातले सात महिने तर असेच गेले होते.

"आई, डॉक्टरांना फोन करून तारीख घेऊ का?"

"बघू."

"कधी बघणार?"

"बघू ना. घाई काय आहे?"

आमच्या घरात 'नाही' म्हणायची पद्धतच नाही. वडील होते तेव्हाही नव्हती. आमच्याकडे 'बघू' म्हणतात. नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं, बघू म्हणणाऱ्याचं काय करायचं? ताकास तूर लागू देत नाही. मी समजावलं, चिडलो, ओळखीच्या दोन बायकांचे नवे गुडघे कसे झकास चालतात ते सांगितलं, एकीशी फोनवर बोलणंही करून दिलं. फोन ठेवून आई म्हणाली, "छान बोलते बाई. बघू." आठवडाभर ऑफिस, जाऊन येऊन प्रवास, आणि रविवारी हे. खरं सांगतो, मी थकलो होतो. तिचा जिना चढताना मला रागच यायचा, आणि राग आला म्हणून स्वतःची लाज वाटायची.

एका रविवारी तोंडातून निघून गेलं, "तुझ्यात आणि तुझ्या त्या गोणीत काडीचा फरक नाही."

तिला ते लागेल असं वाटलं होतं. ती चष्म्यावरून बघत म्हणाली, "मग हरवून दाखव गोणीला. हरवलंस तर ऑपरेशन करते."

"पैज?"

"पैज." तिनं हात पुढं केला. मी टाळी दिली.

पुढचे तीन रविवार मी हरलो. आगवाला नेला, वीजवाला नेला, एका ऑफिसातल्याकडून शिकून घेतलेला कसलासा दगडवाला नेला. गोणी विष द्यायची, लपायची, भरून घ्यायची. साहेब जेवायला गेलेले असायचे. तिसऱ्या रविवारी घरी परतताना मी मुलीला फोन लावला आणि विचारलं, आजीच्या त्या गोणीला मारायचं तरी कसं.

ती हसायलाच लागली. "बाबा, गोणीला मारायचं नसतंच. संपू द्यायचं असतं. प्रत्येक चालीखाली बारीक आकडा असतो ना, एका डावात तेवढ्याच वेळा ती चाल चालते. भरून घ्यायची चाल सोळा वेळा. आजीला तो आकडा दिसतच नाही, तिला वाटतं कायमची आहे. सांगू नका तिला."

"मग आजवर संपली कशी नाही?"

"तुम्ही उठून जाता म्हणून," मुलगी म्हणाली.

पुढच्या रविवारी मी एक लोखंडी कासव घेऊन गेलो. त्याला विष लागत नाही. मारतं अगदी कमी, पण मरतही नाही. बायकोला सांगून निघालो की जेवायला थांबू नकोस. साडेअकराला डाव लावला. गोणीनं विष दिलं, कासवाला काही झालं नाही. आई भुवया वर करून म्हणाली, "अरे वा, तयारी करून आलास." मग गोणी लपली, कासवानं टपली मारली, गोणीनं भरून घेतलं. पुन्हा लपली. पुन्हा टपली. पाऊण तास झाला. माझी मान दुखायला लागली होती.

"तुला उशीर नाही होत?" तिनं विचारलं.

"नाही."

आमच्या घरच्या डावाला घड्याळ लावलेलं नसतं, म्हणून थोड्या वेळानं मी फोन टीपॉयवर ठेवून आत गेलो.

"पळालास ना?" बाहेरून आवाज आला.

"कुकर लावतोय. वरण-भात चालेल ना?"

बाहेर आलो तर ती चाल न चालता माझी वाट बघत बसली होती. पुन्हा टपली, पुन्हा फाइल सापडत नाही. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, आम्ही ताटं मांडीवर घेऊन एका हातानं खेळलो. ताटं मी घासली. दुपारी पावणेदोनला आईनं एक बटण दाबलं, परत दाबलं, मग फोन कानाजवळ नेऊन हलवला.

"हे दाबलं जात नाही रे. बिघडलं बहुतेक."

"बिघडलं नाही, आई. संपलं."

"संपतं हे?"

"हो. मोजून सोळा वेळा."

"मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. मग फोन मांडीवर ठेवून खिडकीकडे बघत राहिली. दुपारच्या त्या वेळी बागेतल्या बाकावर कुणी नव्हतं. मला वाटलं, पैज मोडायचं निमित्त शोधतेय. "एवढा वेळ तू कधी बसला नव्हतास," ती म्हणाली.

मी माझा फोन टीपॉयवर ठेवला.

"डॉक्टरांनी विचारलं होतं, आठवतंय तुला? सहा आठवडे घरी कोण असेल म्हणून. उठवायला, बाथरूमला न्यायला."

"बरं, मग?"

"तू काय म्हणालास?"

मला खरंच आठवत नव्हतं. डॉक्टरांची केबिन आठवत होती, गुडघ्याचा प्लास्टिकचा सांगाडा आठवत होता, बाहेर रिक्षाला थांबवून ठेवलंय याची घाई आठवत होती.

"'बघू' म्हणालास," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "'बघू, करू काहीतरी.' मला वाटलं, बघून सांगशील. एक रविवार थांबले, दोन थांबले. दर वेळी तू तारीख घेऊ का विचारायचास, पण ते काही सांगायचा नाहीस. मग मीही म्हटलं, बघू. दुसऱ्याच्या हातावर पडून राहायचं, आणि तो हात कुणाचा तेच माहीत नाही, मला भीती वाटते रे."

सात महिने मी तिला चिवट म्हणत होतो. बायकोपाशी, ऑफिसात, मुलीपाशी सगळ्यांना सांगून झालं होतं की आई काही ऐकत नाही. तिचा प्रश्न माझ्याकडे पडून होता आणि मी खिडकी बंद करून बसलो होतो. मला फार वाईट वाटलं. आणि तरी, काय सांगू, तोंड उघडलं तर पहिलं अक्षर आलं ते 'ब'च. ते गिळलं आणि तिच्यासमोरच ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला.

साहेब जेवत होते. "रविवार आहे यार, नंतर बोलू का?" ते घास चावत म्हणाले.

"नाही सर, आत्ताच बोलायचंय." आईचं ऑपरेशन आहे, सहा आठवडे मी मुलुंडला राहून काम करीन, असं मी एका दमात सांगितलं.

"ठीक आहे, बघू या."

"सर, बघू नका. हो की नाही तेवढं सांगा."

पलीकडे ताटात चमचा ठेवल्याचा आवाज आला. मग ते हो म्हणाले. कॉल चुकवायचा नाही, लॅपटॉप दहाला उघडायचा, हेही म्हणाले. आई माझ्याकडे टक लावून बघत होती.

"काय म्हणाले?"

"हो म्हणाले. सहा आठवडे मी इथंच आहे. बाथरूमलाही मीच नेणार."

तिनं चष्मा काढला, पदरानं काचा पुसल्या, पुसून झाल्यावरही पुसत राहिली. मग चष्मा घालून फोन हातात घेतला. पडद्यावर गोणी तशीच उभी होती, भरून घ्यायची चाल संपलेली, समोर माझं कासव.

"मग मार आता," आई म्हणाली. "किती वेळ बघत बसणार आहेस?"