मांडी घालून वाचायचं होतं

आमच्या विहारात वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या, तीन महिन्यांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. वाचणारा बुद्धमूर्तीच्या बाजूला चटईवर मांडी घालून बसतो, समोर चौरंगावर ग्रंथ, आणि ऐकणारे सगळे जमिनीवर. आम्ही शिरगावात राहायला आलो तेव्हा विहार म्हणजे पत्र्याची शेड होती. तेव्हापासून माझे पती वाचायचे. मी मागे भिंतीला टेकून ऐकायची आणि घरी आल्यावर त्यांचे चुकलेले उच्चार सांगायची. ते रागवायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी तोच शब्द हमखास पुन्हा चुकवायचे.

ते गेले त्या वर्षी तिथे कुणीकुणी पाळीने वाचलं. पुढच्या वर्षासाठी मंडळाने मला विचारलं आणि मी लगेच हो म्हणाले. घरी येऊन, दार लावून, मांडी घालून पाहिली. डावा गुडघा हवेतच राहिला. जांघेत अशी कळ आली की पलंगाची कड धरून कशीबशी उठले. खुबा दुखत होता तसा बरेच दिवस, पण दुःखाच्या दिवसांत शरीराकडे कोण बघतं?

अंबरनाथ पूर्वेच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "कूर्चा संपली आहे. हाडावर हाड घासतंय. सांधा बदलावा लागेल."

"मग मांडी?"

"मांडी विसरा. खुर्चीवर बसा आणि आरामात जगा."

मी नको म्हणाले. लोकांना कारण सांगितलं ते मांडीचं. खरं कारण कुणालाच सांगितलं नाही. माझे पती पित्ताशयाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी गेले होते. स्वतःच्या पायांनी, परिचारिकेशी काहीतरी विनोद करत, ऑपरेशन थिएटरच्या दारातून आत गेले. आत त्यांचं हृदय थांबलं. त्यानंतर मला तसलं दार चित्रातही बघवत नसे.

माझी नणंद उल्हासनगरला असते. फोनवर म्हणाली, "वहिनी, आजकाल कापाकापी कोण करून घेतं? स्टेम सेलची सुई घे ना. आमच्या बाजूच्या सिंधी भाभीने गुडघ्यात घेतली. एकदम मस्त फिरते आता."

ती मला एका क्लिनिकमध्ये घेऊन गेली. खाली फर्निचरची दुकानं, वर काचेचं दार, आत गार हवा. तिथला डॉक्टर तरुण होता आणि फार गोड बोलत होता. "आंटी, तुमच्याच कमरेच्या हाडातून थोडा मगज काढायचा, त्यातल्या मूळ पेशी वेगळ्या करायच्या आणि सुईने खुब्यात सोडायच्या. नवीन कूर्चा बनते. नो ऑपरेशन, नो टेन्शन."

"मांडी घालता येईल?"

"आंटी, मांडी काय, फुगडी घालाल!"

मी हसले. नणंद माझ्याकडे बघतच राहिली, कारण तिचा दादा गेल्यापासून तिने मला हसताना पाहिलं नव्हतं. आम्ही तिथेच दिवस ठरवून टाकला.

पण मला वाचायची सवय आहे. घरी आले ती वाचतच बसले. इंग्रजी लेख शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. सांधा थोडाच झिजलेला असेल तर या उपचाराचा काय उपयोग होतो, यावर अभ्यास चालू आहेत. माझ्याइतका झिजलेला सांधा त्याने भरून येतो, असं खात्रीने म्हणणारं कुठेच काही सापडलं नाही. मी क्लिनिकला फोन लावला. विचारलं, "माझ्यासारखी कूर्चा संपलेला, आणि बरा झालेला, एखादा पेशंट भेटवाल का?"

"आंटी, तुम्ही पॉझिटिव्ह राहा."

तीनदा विचारलं. तीनदा मला पॉझिटिव्ह राहायला सांगितलं गेलं. मग पुन्हा अंबरनाथला गेले. डॉक्टर म्हणाले, "सुरुवातीला आला असता तर विचार तरी करता आला असता. आता त्या पेशी पेरायला जमीनच उरलेली नाही."

मी ठरलेला दिवस रद्द केला. शस्त्रक्रियाही नको होती. तेव्हा वाचनाचंच सोडून द्यावं, असं मनाशी म्हणून मी विहारात गेले. वंदना संपली होती, बायका चटया गुंडाळत होत्या. सगळ्यांत पुढे बसणारी आमच्यातली सर्वांत म्हातारी आजी अजून खालीच बसलेली होती. मी तिला म्हटलं, दुसरं कुणीतरी बघा.

"का गं?"

"मांडी घालता येत नाही."

"मग खुर्ची घे."

"मूर्तीसमोर? तुम्ही सगळे खाली आणि मी ग्रंथापेक्षा उंच? ह्यांच्या जागेवर?"

"ग्रंथ टेबलावर ठेव म्हणजे तो उंच होईल. अगं बये, आम्ही इथे कान घेऊन येतो. तुझी मांडी बघायला कोण येतंय?"

बायका खो खो हसल्या. आजीला आणखी जोर चढला. "आणि तुझ्या नवऱ्याची मांडी तरी काय बघण्यासारखी होती? सारखा पाय बदलायचा. मुंग्या यायच्या त्याला. मध्येच चिमटा काढायचा पोटरीला, आणि वाचायचा मात्र गंभीर!"

हे मला माहीतच नव्हतं. मागे भिंतीशी बसून मला पुढच्यांच्या डोक्यांवरून फक्त त्यांचा चेहरा दिसायचा. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाविषयी, तो गेल्यानंतर, काहीतरी नवीन कळलं होतं. मी हसत होते आणि डोळे पुसत होते.

मांडीचं कारण गेल्यावर फक्त भीती उरली. त्या रात्री नणंदेला फोन करून पहिल्यांदा ती बोलून दाखवली. ती म्हणाली, "मलापण तीच भीती आहे गं. उगाच का ती सुई शोधत फिरले?"

हिवाळ्यात मी खुबा बदलून घ्यायला तसल्याच दारातून आत गेले. कमरेखालचं शरीर बधिर केलेलं होतं, पण मी जागी होते. पडद्यापलीकडे ठोकाठोकी चालली होती, सुतार चौकट बसवतात तशी. मी मनातल्या मनात त्रिशरण म्हणत राहिले. आणि मग तेच दार पुन्हा उघडलं आणि मला त्यातून बाहेर आणलं. नणंद माझा हात धरून रडत ओरडत होती, "किती वेळ लावलास!" जसं काही मीच लावला होता.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिले. जखम दुखत होती, पण जांघेतली ती जुनी कळ शोधूनही सापडेना. महिन्याभराने काठी, मग काठीविना गॅलरी, मग जिना.

आषाढी पौर्णिमेला, वर्षावासाच्या पहिल्याच दिवशी, मी पांढरी साडी नेसून विहारात गेले. मंडळाने माझ्यासाठी खुर्ची मांडली होती, तिच्यावर उशीसुद्धा होती. मी ती बाजूला सारली आणि टेबलाशी उभी राहिले. आधीच्या वर्षी दूध उतू जाईपर्यंतसुद्धा ओट्याशी उभं राहवत नव्हतं. त्या संध्याकाळी दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून मी पान उलटलं, आणखी एक उलटलं. आवाज आधी कापला, मग भिंतीपर्यंत पोहोचू लागला. विहार भरला होता आणि कुणी खोकतही नव्हतं.

शेवटी आजीलाच राहवलं नाही. "अगं, बस आता! वाटायची खीर थंड झाली."

"एक परिच्छेद राहिलाय," मी म्हणाले, आणि तो उभ्यानेच, सावकाश, पूर्ण वाचला.